हुलबुटं

“ही ढेप ओली हाय, मास्तर. घाम सुटलाय तिला,” काट्यावरचा हमाल म्हणाला, आणि गूळबाजारातले झाडून सगळे अडते पोट धरून हसले.

ढेप म्हणजे मी. आमच्या शाळेत वजनाचं यंत्र नव्हतं. म्हणून खराडे मास्तर दर बुधवारी कबड्डीच्या पोरांना रांगेनं गूळबाजारात आणत आणि ज्या काट्यावर गुळाच्या ढेपा चढत, त्याच काट्यावर आम्हाला उघड्या अंगानं चढवत. बाजारात माशा इतक्या, की मास्तर आधी टॉवेल फिरवून आमच्या अंगावरच्या माशा उडवायचे. माशांसकट वजन केलं तर पोरगं पावशेरानं जास्त भरायचं. हे खोटं वाटत असेल तर सोडून द्या, पुढचं खरं आहे.

चौदा वर्षांखालच्या कबड्डीला वयाचा नियम होता, तसा वजनाचाही होता. जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्या दिवशी सकाळी पंच सगळ्यांचं वजन करणार, आणि काटा मर्यादेच्या पुढं गेला की ते पोरगं मैदानाबाहेर. उन्हाळ्यात मी त्या मर्यादेच्या बराच खाली होतो. गणपतीच्या आसपास बराच वर गेलो. मधे झालं होतं ते एवढंच, की माझी आई वारली होती.

आईवाचून पोरगं वाळणार, असं आमच्या गल्लीनं धरूनच चाललं होतं, आणि ते वाळू नये म्हणून सगळी गल्ली कामाला लागली होती. पहिल्या दिवशी शेजारच्यांनी रीतीप्रमाणं कडू घास आणला, पिठलं-भाकरी. तो घास काही संपेना. मी ज्या दारावरून जाई त्या दारातून हाक येई, “शिदू, ये बाळा, दोन घास खाऊन जा.” दोन घासांवर कुणी सोडत नसे. आणि नको म्हणायला माझ्याकडं कारण नव्हतं. आई गेल्यापासून माझी जीभ कुणी फडक्यात गुंडाळून ठेवल्यासारखी झाली होती. पुरणपोळी आणि पुठ्ठा यांत फरक कळत नव्हता. भूक लागली हे कळत नव्हतं, पोट भरलं हेही कळत नव्हतं. समोर आलं की खात होतो. शर्टाची बटणं तुटली तेव्हा नळावरच्या बायका आपसांत म्हणाल्या, पोराला दुःख मानवलंय.

खराडे मास्तर सरळ माणूस. त्या बुधवारी काट्यावरून उतरल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर शर्ट टाकला आणि म्हणाले, “शिदू, तुझी आई गेली त्याचं मला वाईट वाटतं. पण उजव्या कोपऱ्यात दुसरं कुणाला उभं करू, तेवढं सांग.”

उजवा कोपरा माझा. चढाईला आलेल्या गड्याचा घोटा मी एकदा धरला की सुटत नसे. एकदा म्हणे मी चुकून पंचांचा घोटा धरला आणि शाळा सुटेपर्यंत सोडला नाही. हे आमच्या संघातला तायाप्पा सांगे, आणि तायाप्पा माझ्याहून थापाड्या. पण खेळायचं होतं मला, ते काही त्या नावासाठी नाही. पकड झाली की गडी खाली, गड्यावर मी, माझ्यावर आमची सगळी पोरं. त्या ढिगाच्या तळाशी नाकात माती जायची, बरगडीत कुणाचा तरी गुडघा रुतायचा, आणि तेवढा वेळ मला कळायचं की आपण आहोत. बाकी दिवसभर हे कळत नव्हतं. म्हणून जिल्ह्याला जायचंच होतं.

तेव्हा खाणं बंद करायचं ठरवलं. पण गल्लीला नाही म्हणायचं कसं? ज्या घराला नाही म्हणावं ते घर रडायला लागे. मग मी एक युक्ती काढली. टेलरच्या बायकोनं हाक मारली की सांगायचं, आत्ताच गंगव्वाकडं जेवलो. गंगव्वानं बोलावलं की सांगायचं, टेलरकडं जेवलो. नुसतं जेवलो म्हटलं की बायकांचा विश्वास बसत नाही, त्यांना भाजी सांगावी लागते. म्हणून मी भाजी सांगू लागलो, मग कोशिंबीर, मग गोडधोड. एका दुपारी माझ्या तोंडून निघून गेलं की गंगव्वाकडं श्रीखंड होतं. गंगव्वाच्या घरात कित्येक महिने दुधाचा थेंब आला नव्हता. टेलरच्या बायकोनं नळावर तिला गाठून श्रीखंडाचं विचारलं. मी भिंतीआड उभा होतो. गंगव्वानं घागर भरू दिली, डोक्यावर घेतली आणि म्हणाली, “व्हय. वेलदोडा जरा ज्यादा झाला हुता.”

गल्ली माझ्या गोष्टींवर तृप्त झाली आणि मी उतरू लागलो. गूळबाजारातला हमाल म्हणाला, ढेप सुकतीया.

पण नियम एकच असता तर गोष्ट कशाला झाली असती? आमच्या हेडमास्तरांनी त्या वर्षी नवा नियम केला होता. नुसती अंगानं वाढलेली पोरं त्यांना नको होती. जो खेळणार त्यानं शाळेच्या कुठल्या तरी छंद मंडळात असलं पाहिजे, आणि त्या मंडळाच्या शिक्षकांनी सहामाहीच्या शेवटी ‘हो’ म्हटल्याखेरीज त्याला जिल्ह्याला न्यायचं नाही. नावं घेतली तेव्हा मी सुतकात होतो. शाळेत परतलो तेव्हा विज्ञान मंडळ भरलं होतं, नाट्य भरलं होतं, बागकामातसुद्धा खुरप्यापेक्षा पोरं जास्त झाली होती. जागा होती फक्त पाककला मंडळात. तिथं सगळ्या मुली, आणि मी.

तायाप्पानं त्याच दिवसापासून मला शिदूआक्का म्हणायला सुरुवात केली. मला त्याचं काही वाटलं नाही. तेव्हा कशाचंच वाटत नव्हतं.

मंडळ मोकाशी बाईंचं. बाई एरवी गणित शिकवत, आणि स्वयंपाकही गणितासारखाच शिकवत. उंच, सडसडीत, बोलणं मोजकं. त्यांना रक्तदाब होता आणि डॉक्टरांनी मीठ तोडलं होतं. एकदा कुणाच्या तरी मुंजीत त्यांनी एक पापड खाल्ला, तर पाय असे सुजले की चपला चढेनात. आठवडाभर त्या वर्गात अनवाणी आल्या. तेव्हापासून त्या घरी अळणी जेवत आणि मंडळात शिजलेल्या कशालाही बोट लावत नसत. पंगत बसली की ताटाताटापाशी थांबून एकच प्रश्न विचारत, “मीठ?” आम्ही सांगायचं. मला काय कळणार? मी शेजारच्या सुमनच्या तोंडाकडं बघायचो. तिचं नाक आक्रसलं तर ‘जरा जास्त’, भुवया वर गेल्या तर ‘कमी’, काहीच हललं नाही तर ‘बरोबर’. बाईंना माझी मतं पसंत असत. एकदा त्या मुलींना म्हणाल्या की जीभ असावी तर या मुलासारखी.

घोटाळा होता तो बाईंच्या नियमाचा. रांधलं ते टाकायचं नाही. ज्यानं केलं त्यानं स्वतः ताटभर खायचं, आणि ज्याचं ताट उरलं त्याची हजेरी नाही. म्हणजे आठवडाभर मी गल्लीला गोष्टी खाऊ घालून वजन उतरवायचं, आणि शनिवारी बाईंपुढं बसून ते परत चढवायचं. शनिवारची दुपार आणि बुधवारची सकाळ यांच्यामध्ये मी मैदानाला इतक्या फेऱ्या मारल्या की तिथं चाकोरी पडली आणि पावसाचं पाणी त्या चाकोरीतून वाहू लागलं.

तसा काठाकाठानं मी मर्यादेच्या आत आलो. शेवटच्या बुधवारी काटा बरोबर रेषेवर थरथरला आणि खाली बसला. मास्तरांनी आकाशाकडं बघून हात जोडले.

आता राहिला शेवटचा शनिवार. त्या दिवशी मंडळात प्रत्येकानं आपल्या घरचा एक पदार्थ करून दाखवायचा, आईकडून शिकून, आणि नेहमीसारखा ताटभर खायचा. रविवारी सकाळी वजन. मास्तर त्या दुपारी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि आत न येता बोलले.

“बाई, त्याला उद्या काट्यावर उभं राहायचंय.”

“मग आज ताटावर बसू दे.”

“एवढ्या वेळेला सूट द्या.”

“मी सूट देते का, विचारा वर्गात,” बाई म्हणाल्या. मास्तर कुणाला विचारणार. ते बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. तायाप्पाही तिथंच होता.

मुलींनी एकेक करून आपापले पदार्थ सांगितले. कुणी आईचं थालीपीठ, कुणी आईची शेंगोळी. माझी पाळी येईपर्यंत मला पत्ताच नव्हता की आपण काही ठरवलेलं नाही. समोरच्या फळीवर हुलग्याच्या पिठाचा डबा होता.

“हुलबुटं,” मी म्हणालो.

बाईंनी हे नाव ऐकलेलं नव्हतं. कुणीच ऐकलेलं नव्हतं. मीसुद्धा तेव्हाच ऐकलं.

“कोण करतं?”

“आई करते.”

वर्गातली भांडी वाजायची थांबली. आमचं गाव लहान, आई कधी गेली आणि तिला कुठं नेलं ते सगळ्यांना माहीत. सुमन म्हणाली, “बाई, पण ह्याची...”

“सुमन, पळी आण,” बाई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. “कशी करते?”

“आधी पीठ भाजते. मंद. शेजारचं मांजर उंबऱ्यावर येऊन बसलं की समजायचं, पीठ झालं.”

“आणि?”

“लसूण. सालीसकट ठेचते.”

“आणि?”

“चिंचेचं पाणी. मग गुळाचा खडा. तो घालताना कुणाशी बोलत नाही.”

“का?”

“बोललं की गूळ तळाला बसतो.”

“आणि?”

आई स्वयंपाक करताना मी कधी चुलीकडं पाहिलेलं नव्हतं. त्यातलं एक अक्षर मला ठाऊक नव्हतं. पण बाई ‘आणि’ म्हणत होत्या आणि मला पुढचं दिसत होतं, जसं काही कुणी तिथं बसून करतंय आणि मी नुसतं बघून सांगतोय.

“मीठ,” मी म्हणालो. “तीनदा.”

“तीनदा?”

“एकदा फोडणीत. एकदा पाण्यात. आणि उतरताना एकदा.”

“उतरताना कशाला?”

“आधी घातलेलं विसरते. दाराकडं बघत असते, बाबा आले का म्हणून.”

बाईंनी स्टोव्ह माझ्याकडं सरकवला. “तसंच कर. तिसऱ्यांदाही घाल, विसरून.”

मी केलं. पीठ भाजलं, मांजर आलं नाही तरी भाजलं. गूळ घालताना बोललो नाही. तसाही फारसा बोलत नव्हतो. मीठ मुठीनं तीनदा घातलं. अंदाज नसल्यामुळं हुलबुटं एवढं झालं की दोन घरं जेवली असती. काळपट, दाट, वर लसणाची सालं तरंगणारं. ताट वाढून मी माझ्या जागी मांडी घालून बसलो आणि घास उचलायला हात पुढं केला.

बाईंनी ताट उचललं.

त्या आपल्या स्टुलावर बसल्या, ताट मांडीवर घेतलं आणि खायला लागल्या. मी म्हणालो, “बाई, ते माझं आहे.” त्या म्हणाल्या, “तुला उद्या काटा आहे.” एवढंच. मग सावकाश, घासामागून घास, मधे पाणी न पिता, सगळं संपवलं. ताटाच्या कडेला राहिलेलं बोटानं निपटून घेतलं. मुली बघत होत्या. चेहऱ्यावरून काही कळायला सुमनचा उपयोग नव्हता, आणि बाईंचा चेहरा तर गणिताचा.

त्या दर शनिवारी विचारत तेच माझ्या तोंडून आलं. “मीठ?”

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. मग दाराकडं तोंड करून मास्तरांना सांगितलं, “घेऊन जा तुमचा कोपरा.”

पातेल्यात बरंच उरलं होतं, तसंच ते मी मागच्या नळावर घासायला नेलं. तायाप्पा मागोमाग आला. मी सहामाहीभरात काही रांधलं असेल यावर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून त्यानं बोट बुडवून तोंडात घातलं आणि दुसऱ्या क्षणी नळाखाली डोकं धरून चुळा भरू लागला.

“आरं, हे काय हाय? मिठाचं पोतं फुटलंय व्हय ह्यात?” मग पाणी निथळत त्यानं मान वर केली. “हे बाईनं खाल्लं? समदं?”

मी बोट घातलं. काही नाही. पुन्हा घातलं. तेव्हा पार मागं, घशाजवळ, कुठल्या तरी दुसऱ्याच घराचं दार कुणी वाजवावं तसं काहीतरी झालं. तिसऱ्या बोटाला कळलं. खारट होतं. जीभ भाजावी इतकं खारट. त्याच्या मागून चिंच आली, मग लसूण, आणि तळाला बसलेला गूळ.

मी खायला लागलो. ओंजळीनं. तायाप्पा म्हणत होता, शिदू, उद्या वजन हाय. त्यानं पातेलं ओढलं. पण माझ्या हातातली वस्तू कुणाला सुटत नसे, हे त्यालाही ठाऊक होतं. दोन घरांचं हुलबुटं मी तिथं नळाशी बसून संपवलं, पातेलं खरवडलं, पळी चाटली. मग तहान लागली. नळाला तोंड लावलं, घरी जाऊन रांजण रिता केला, गंगव्वाकडं गेलो आणि तिचीही घागर संपवली. त्या संध्याकाळी नळाचं पाणी लवकर गेलं म्हणून गल्लीतल्या बायकांनी नगरपालिकेत तक्रार केली, असं म्हणतात.

सकाळी जिल्ह्याच्या मैदानावर पंचांच्या काट्यानं मला नाही म्हटलं. फार नाही, एका बटाट्याएवढं जास्त. पंचांनी थोडा वेळ दिला. मास्तरांनी मला सगळ्या पोरांचे शर्ट एकावर एक घालून पळवलं, थुंकायला लावलं, कुणाची तरी कात्री आणून डोक्यावरचे केस कातरले, करदोडा तोडला. पुन्हा काट्यावर चढलो. अर्धा बटाटा. माझ्यामागं दुसऱ्या शाळेची पोरं उभी होती.

मास्तरांनी अंगावर टॉवेल टाकला. “काय खाल्लंस रे?”

“पाणी,” मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

उजव्या कोपऱ्यात तायाप्पा उभा राहिला. मी रेषेबाहेर फतकल मारून बसलो आणि बघत राहिलो. पोरं ढिगानं एकमेकांवर पडत होती, उठत होती, धूळ झटकत होती. मला काही वाटलं नाही. तहान मात्र अजून होती, ती कळत होती. आमचा संघ माझ्याशिवाय जिंकला. पुढं आयुष्यात ही गोष्ट मी जिथं जिथं सांगितली, तिथं आम्ही हरलो असंच सांगत आलो. आज पहिल्यांदा खरं सांगतोय.

सोमवारी मोकाशी बाई शाळेत आल्या नाहीत. शिपायानं सांगितलं की आधी पाय सुजले, मग तोंड सुजलं, डॉक्टरांनी उठू नका म्हणून बजावलंय. गणिताच्या तासाला आम्हाला मैदानात सोडत. मी मैदानात जात नव्हतो, स्वयंपाकघराच्या बंद दाराशी बसत होतो. तिथं बसून काय करत होतो, ते मला आजही सांगता येणार नाही.

बाई आल्या त्या दिवशी अनवाणी होत्या. वर्ग सुटल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि स्वयंपाकघराचं कुलूप काढलं. आत गेल्यावर भिंतीला धरून स्टुलावर बसल्या.

“वजन जास्त भरलं म्हणे.”

“हो.”

“काय खाल्लंस?”

“हुलबुटं.”

“किती?”

“सगळं. खरवडून.”

बाईंनी मान हलवली, हातचा धरायचा राहिलेला सापडावा तशी. मग नेहमीच्या आवाजात विचारलं, “मीठ?”

शेजारी सुमन नव्हती. बघायला कुणाचं तोंड नव्हतं.

“फार होतं, बाई.”

“हं. फार होतं,” बाई म्हणाल्या. पायाकडं बघून त्यांनी पदर सारखा केला. “आईला सांग, पुढच्या वेळी दोनदाच घालायचं.”

मी उभा होतो. फळीवरचे डबे बघत होतो. मीठ, मिरची, हुलग्याचं पीठ.

“आई नाही, बाई,” मी म्हणालो. “आई वारली.”

हे मी त्याआधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती, सगळ्यांना माहीत होतं.

बाई उठल्या. फळीवरून हुलग्याच्या पिठाचा डबा काढला आणि माझ्यापुढं ठेवला.

“मग तू घाल,” त्या म्हणाल्या. “दोनदा.”